राहून गेलेली ट्यूब

फरहीन लालासाब नदाफ ही मुलगी भिडस्त आहे, हे तिच्याबद्दल सगळ्यात आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. भिडस्त म्हणजे किती? रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं तर 'असू दे, जवळच आहे' म्हणत पायी जाणारी. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं नको असताना भात वाढला तरी ताटावर हात आडवा न धरणारी. असं माणूस कोल्हापुरात जन्माला यावं हेच नवल. इथली माणसं पत्तासुद्धा भांडल्यासारखा सांगतात. 'भीड भिकेची बहीण' हे तिची आई मेहरुन्निसा तिला लहानपणापासून ऐकवत आली, आणि फरहीन तेही मुकाट्यानं ऐकून घेत आली.

वडिलांचं गाद्या-उशांचं दुकान. घराण्यात पिढ्यानपिढ्या कापूस पिंजायचा धंदा. फरहीन मात्र शिकली, एम.एस्सी. झाली आणि राजारामपुरीत एका ट्रस्टच्या लॅबमध्ये लागली. खाली कोचिंग क्लास, वर लॅब. तिथं ती जे मशीन चालवते त्याचं नाव फ्लो सायटोमीटर, पण लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं 'फ्लो' म्हणतात. लालासाबांना गिऱ्हाईकं विचारायची, "पोरगी काय करती?" तेव्हा ते सांगायचे, "पेशी मरत्यात का जगत्यात ते बघती." एवढं बोलून पुढचं त्यांनाही येत नसे. मग एकदा फरहीननं त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "अब्बा, जुनी गादी उसवली की कुठला कापूस कायमचा बसलाय आणि कुठला पिंजून पुन्हा फुलंल, हे तुम्हाला हाताला कळतं नव्हं? माझं मशीन पेशींचं तसंच बघतं."

खरं तर त्याहून थोडं जास्त बघतं. पेशी दोन तऱ्हांनी मरतात. एक मार बसून, फुटून, आजूबाजूला घाण करून. दुसरी आतून हुकूम सुटल्यासारखी, सगळं आवरून-सावरून, शांतपणे. कॅन्सरची पेशी हट्टी, ती हे दुसरं मरण विसरलेली असते. एखाद्या औषधानं तिला ते आठवलं तर ते औषध पुढं तपासण्याजोगं. पेशीनं मरायचं ठरवलं की तिच्या आवरणाची आतली बाजू बाहेर येते आणि तिला एक हिरवा रंग चिकटतो. आवरणच फाटलं असेल तर दुसरा, तांबडा रंग आत शिरतो. असे रंग लावून पेशी एका बारीक धारेतून एकीमागून एक सोडायच्या, त्यांच्यावर लेसरचा उजेड पडतो, आणि कुठली किती चमकली त्याप्रमाणे पडद्यावर ठिपके उमटतात. हिरव्या चौकटीत ठिपक्यांचा ढग दिसला की समजायचं, पेशी आपणहून मरायला लागल्या. हे काम फरहीन मन लावून करायची आणि तिला त्यात गोडी होती.

तर गेल्या श्रावणात शाहूवाडीकडून बाळासो आले. डोंगराकडेला भाताची थोडी शेती, आणि घराण्यात आजोबापासून चालत आलेलं एक मुळीचं औषध. गाठीवर देतात. मुळीचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की गुण जातो. तिला लोखंड लावायचं नाही, आणि औषधाचा पैसा घ्यायचा नाही. लॅबचे प्रमुख राजवर्धन सर अशा औषधांच्या शोधातच असायचे. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी बाळासोंना गाठलं आणि मुळ्या मागून घेतल्या. अर्क तयार झाला, पेशींवर घातला, आणि निकालाच्या दिवशी 'मशीन काय म्हणतंय बघू तरी' म्हणून बाळासो स्वतः लॅबमध्ये येऊन बसले. धुतलेलं धोतर, गुडघ्यावर हात, पायातल्या चपला दाराबाहेर काढलेल्या.

"घरात एक माणूस आजारी हाय बाई," ते म्हणाले. "म्हणून जरा जिवाला घोर."

कोण आजारी, काय आजार, हे फरहीननं विचारलं नाही. भीड.

आता इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अशा तपासणीत खऱ्या ट्यूबांबरोबर काही साक्षीदार ट्यूबा लावाव्या लागतात. त्यातली एक अशी, की पेशींना औषध द्यायचं पण रंग लावायचाच नाही. का? तर झाडापाल्याचे अर्क कधी कधी स्वतःच चमकतात. अर्क पेशीच्या अंगाला लागून राहिला तर मशीनला तो रंग वाटतो, आणि न मेलेली पेशी मेलेल्यांत मोजली जाते. ही ट्यूब फरहीननं तयार करून ठेवली होती. पण त्या दिवशी मशीन सकाळपासून धारेत बुडबुडे धरत होतं, ते धुण्यात वेळ गेला, आणि बाळासोंच्या गावाकडची, मलकापूरची शेवटची गाडी सुटायची वेळ जवळ आली. सर म्हणाले, "फरहीन, काकांची गाडी चुकायला नको." बाळासो म्हणाले, "माझं काय न्हाई, मी स्टँडावर झोपतो." आता म्हातारा माणूस आपल्यापायी स्टँडवर झोपणार म्हटल्यावर भिडस्त माणसाचा जीव तो कितीसा टिकणार? आपल्याकडे दाराशी आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, गूळ-पाणी तरी देतात. फरहीननं त्यांना निकाल दिला. ती एक ट्यूब राहू दिली. उद्या लावू म्हणाली, आणि पेशी काही उद्यापर्यंत थांबत नसतात.

हिरव्या चौकटीत ढगच्या ढग उठला होता. सरांनी बाळासोंना पडद्यासमोर नेलं. "हे बघा काका, तुमच्या औषधानं पेशी आपणहून मरताहेत." बाळासोंनी पडद्याला हात जोडले. ते बघून फरहीनला एवढं बरं वाटलं, की राहिलेल्या ट्यूबची आठवण रात्री जेवताना झाली तेव्हा तिनं ती घासाबरोबर गिळून टाकली.

पुढचं कोल्हापुरी रीतीप्रमाणे झालं. इकडे निकालाची शाई वाळायच्या आत तिकडे फ्लेक्स लागला. बाळासोंचा पुतण्या विश्वजित गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, त्यानं गावच्या तिट्ट्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, भला मोठा फ्लेक्स उभा केला. मधे फेटा बांधलेले बाळासो, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला व्हॉट्सअॅपवरून उचललेला फरहीनचा फोटो, आणि वर ठळक अक्षरांत 'कॅन्सरवर गावठी औषधाची मात, मशीननेही दिली पावती'. त्याचा फोटो लालासाबांच्या मोबाईलवर आला. त्यांनी तो मोठा करून काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणला आणि दुकानात पिंजण यंत्राच्या वर लावला. गादी शिवायला आलेला माणूस तो बघितल्याशिवाय सुटत नसे.

गणपतीत लॅब शांत होती. सरांना निकाल छापायला पाठवायचा होता, म्हणून फरहीननं सगळं पुन्हा मांडलं आणि राहिलेली ती ट्यूब या वेळी पहिल्यांदा लावली. औषध दिलेल्या पेशी, रंगाचा थेंब नाही. पडद्यावर तोच ढग उठला, त्याच हिरव्या चौकटीत. तिनं मशीन धुतलं, पुन्हा लावली. पुन्हा तोच ढग. मग हिरवा सोडून, अर्काची चमक ज्यात मिसळणार नाही असा वेगळाच रंग वापरून बघितलं, तर औषध दिलेल्या पेशी औषध न दिलेल्यांइतक्याच धडधाकट निघाल्या. कुणी मेलं नव्हतं. मुळीचा अर्क अंगाला लागला होता आणि तो चमकत होता, एवढंच.

तिनं दोन्ही वेळचे निकाल कागदावर काढले. ती सरांकडे गेली. सरांनी कागद बघितले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता बोलायची घाई करू नको. आपण पुन्हा करू, निवांत." फरहीन खरोखर मनातून सुटल्यासारखी झाली, आणि याचीच तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. चूक कुणाच्याही हातून होते. पण 'बोलू नको' म्हटल्यावर बरं वाटणं, ते कुठं लपवायचं? दुकानात तो फोटो होता, अब्बा होते, गावात फ्लेक्स होता. ती गप्प राहिली. दसरा आला, गेला. गप्प राहण्याचं एक असतं, पहिला आठवडा जड जातो, मग अंगवळणी पडतं.

दिवाळीच्या तोंडावर बाळासोंचा फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"बाई, आमच्या आक्कानं दवाखान्याला जायाचं सोडलं बघा."

"कोण आक्का?"

"माझी थोरली भन, धोंडुबाई. छातीत गाठ हुती, कोल्हापुरात केमो चालू हुतं की. मी सांगितलं न्हवतं व्हय? लई हाल व्हायचं तिचं. क्यास गेलं, अन्न जाईना. मग म्हटलं, मशीननंच पावती दिल्यावर शरीर जाळून कशाला घ्यायचं? निकाल लागला तवापास्नं नुसती मुळी चालू हाय. सकाळ-संध्याकाळ."

फोन ठेवल्यावर फरहीन लॅबच्या जिन्यात बसून राहिली. खालच्या क्लासमध्ये मास्तर पोरांकडून काही तरी घोकून घेत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते उगाच नाही हे तिला तेव्हा कळलं. श्रावणात तिची चूक होती. गणपतीपासून पुढचं मात्र तिनं डोळे उघडे ठेवून केलं होतं, आणि ते एका बाईच्या जिवावर चाललं होतं.

ती सरांना म्हणाली, "मी गावाला जाऊन सांगणार." सर म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर जा." म्हणजे जाऊ नको.

घरी मात्र तिला खरं सांगता आलं नाही. शाहूवाडीला जाते एवढंच म्हणाली. लालासाबांना वाटलं, सत्काराला बोलावलंय. त्यांनी आपणही बरोबर यायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, आणि आक्का आजारी आहेत हे कळल्यावर रात्रीतून सावरीच्या कापसाची एक उशी शिवली. "आजारी माणसाकडं मोकळ्या हातानं जात न्हाईत," ते म्हणाले. एस.टी.त त्यांनी ती उशी सबंध वाट मांडीवर धरली होती. फरहीन खिडकीतून बाहेर बघत राहिली. आत्ता सांगू, बांबवडे गेल्यावर सांगू, असं करता करता गाव आलं आणि तिट्ट्यावर तिचाच हसरा चेहरा समोर उभा राहिला.

सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. विश्वजित फेट्याचं कापड घेऊनच बसला होता. "या की पावणं," म्हणत बाळासो उठले. चहा आला. फरहीननं कप खाली ठेवला.

"फेटा नको," ती म्हणाली. "आधी माझं ऐका."

आणि तिनं सांगितलं. गाडीची वेळ, राहिलेली ट्यूब, चमकणारा अर्क, सगळं. मधे थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"म्हंजे औषध खोटं?" बाळासो म्हणाले.

"औषधाचं सगळं मला ठाऊक न्हाई, काका. माझ्या मशीनपुरतं सांगते. मी तुम्हाला जे मरण दाखवलं, ते झालंच नव्हतं."

बाळासोंनी घोंगड्याची दशी पिळली. मग त्यांनी एकच विचारलं.

"तुला कवा कळलं?"

"गणपतीत."

"आन् आता दिवाळी आली की गं."

ती मान खाली घालून बसली. शेजारी लालासाब होते. त्यांच्याकडं बघायची तिला छाती झाली नाही, पण उशीवरची त्यांची बोटं दिसत होती. ती कापडात रुतली होती.

आतल्या दारात आक्का उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर गालाखालून घट्ट ओढलेला, अंगाचं पार चिपाड झालेलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ह्येचं मन राखाय गेलीस," त्या बाळासोंकडं मान करून फरहीनला म्हणाल्या, "आन् माझा जीव टांगणीला लावलास व्हय?"

ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. त्या साध्या आवाजात बोलल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा. लालासाब उठले, दारापर्यंत गेले, आणि उशी त्यांच्यापुढं धरून म्हणाले, "सावरीची हाय. मऊ हाय." आक्कांनी उशी घेतली.

पुढच्या केमोची चौकशी फरहीननं तिथूनच फोनवर केली आणि 'मी दवाखान्यात येते' म्हणाली. कुणी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. निघताना बाळासोंनी नव्या तांदळाचं गाठोडं आणून लालासाबांच्या हातात दिलं. लालासाब मागं सरले. "राहू द्या दादा, कुठल्या तोंडानं घेऊ?"

"पावण्याला रिकाम्या हातानं धाडत न्हाईत आमच्यात," बाळासो म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच तर वाईट. ज्या रीतीपायी फरहीननं त्यांना खोटा निकाल बांधून दिला होता, त्याच रीतीनं ते तिला खरा तांदूळ बांधून देत होते. तिट्ट्यावर विश्वजित फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होता. "गवताच्या गंजीवर घालाय हुईल," तो कुणाकडं न बघता म्हणाला. दुसऱ्या दिवशी लालासाबांनी दुकान उघडलं आणि यंत्राच्या वरचा फोटो काढून आत ठेवला. गिऱ्हाईकांनी विचारलं तर म्हणाले, "काच फुटली." मेहरुन्निसानं तो तांदूळ शिजवला.

केमोच्या दिवशी फरहीन दवाखान्यात आधीच जाऊन थांबली होती. बाळासो आणि आक्का आल्यावर ती त्यांच्याबरोबर आत गेली. डॉक्टरबाईंनी कागद चाळले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मध्ये इतके दिवस का आला नाहीत?"

"भाताची कापणी हुती," आक्का म्हणाल्या.

"कापणी जिवापेक्षा मोठी का, मावशी? तुम्हा लोकांना कितीदा सांगायचं?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "बाहेरचं काही औषध घेतलंय? झाडपाला?"

"न्हाई बा."

फरहीननं दचकून बघितलं. टेबलाखाली आक्कांनी तिचा हात धरला होता आणि दाबत होत्या. गप बस. उशी घेऊन आलेल्या माणसाच्या पोरीची परक्यासमोर बेअब्रू नको, म्हणून ती बाई स्वतःच्या अंगावर बोलणी घेत होती. बाळासो खाली बघत होते. गप्प बसणं किती सोपं होतं! सगळ्यांचं मन राहिलं असतं. तोच तो श्रावणातला दिवस, तीच गाडीची वेळ, तीच राहिलेली ट्यूब. आणि मुळी घेतलेली डॉक्टरांना न सांगता वरून केमो चढवलं, तर भोगणार आक्का.

"कापणी नव्हती," फरहीन म्हणाली. "त्या रोज दोन वेळा एका मुळीचा काढा पीत होत्या. श्रावणापासून."

आक्कांचा हात तिच्या हातातून निघून गेला.

"तुम्ही कोण यांच्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

नात्याचा शब्द तिला सापडला नाही. "त्या काढ्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात असं ज्या मशीनवर दिसलं, ते मी चालवते. चुकीचं दिसलं होतं. मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही. यांनी त्याच्यावर विश्वास ठेवून येणं बंद केलं."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडं नुसतं बघितलं. रागावल्या नाहीत. रागावण्याइतकीही किंमत दिली नाही. मुळी थोडी आणून द्या, आज केमो नको, आधी रक्त तपासू, यकृताला काही झालंय का बघू, गाठ किती वाढली ते बघू, मग देता येतंय का ठरवू, असं त्या बाळासोंना सांगत राहिल्या.

रक्त देऊन आक्का बाहेरच्या बाकावर पिशवी शेजारी ठेवून बसल्या. बाळासो पैसे भरायला रांगेत गेले. फरहीन जरा लांब भिंतीला टेकून उभी होती. शेजारी बसायची तिची हिंमत नव्हती. रक्ताची ट्यूब घेऊन एक सिस्टर काचेच्या दाराआड गेली, तिकडं आक्का बघत राहिल्या.

"काय गं," त्या मान न वळवता म्हणाल्या. "ह्ये तरी मशीन खरं बोलंल न्हवं?"

फरहीनला 'हो' म्हणता आलं असतं. मन राखायला तेवढंच पुरलं असतं.

"मशीन खरंच बोलतंय, आक्का," ती म्हणाली. "त्या दिवशी पण खरंच बोललं हुतं. मीच त्याला अर्धं विचारलं."

आक्कांनी शेजारची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर एका माणसापुरती जागा झाली.